पिंपातलं बिऱ्हाड

"काय नबीलाल, उठली का न्हाई तुझी लेकरं?"

कोळशाच्या ढिगाचा राखणदार हौसराव रोज सकाळी तारेच्या कुंपणावर कोपरं टेकून हेच विचारायचा, आणि नबीलाल रोज तेवढ्याच गंभीरपणे उत्तर द्यायचा.

"उठली की! तुझ्यावानी ऊन डोक्यावर येईस्तवर लोळत न्हाईत ती."

एवढं सुनावून तो पहिल्या पिंपावरची गोणपाटं काढायचा. पौषाची थंडी दौंडात कडाक्याची पडते, म्हणून संध्याकाळी जाताना तो चारी पिंपांना गोणपाटं पांघरून जायचा. सकाळी लाकडी दांड्यानं एकेक पिंप सावकाश ढवळायचं, तळातला दगडाचा चुरा वर आणायचा, पाण्यात वारा घालायचा. ढवळता ढवळता बोलायचाही. "घ्या, घ्या वारा. कालच्याला जरा कमीच मिळाला तुमास्नी." ऐकणाऱ्यानं म्हणावं, म्हाताऱ्याचा एखादा खिळा ढिला झालाय. पण पिंपात खरोखरच कुणीतरी राहत होतं. पोपटरावांनी काचेच्या यंत्रातून ते त्याला दाखवलं होतं.

पोपटराव म्हणजे केडगावकडच्या एका बागाईतदाराचे चिरंजीव. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला, आणि नावामागे डॉक्टर. आता डॉक्टर म्हटल्यावर लोक कशाला सोडतात? दौंडात आल्या आल्या दोघातिघांनी त्यांच्यापुढं जीभ काढली, एका बाईनं पोराचा कान पुढं केला. "अहो, मी दगडांचा डॉक्टर आहे," असं सांगून सांगून बिचारे थकले. शेवटी त्यांनी खिशात खोकल्याच्या गोळ्याच ठेवायला सुरुवात केली. माणूस असा मऊ.

ते दौंडात आले त्या कोळशाच्या ढिगापायी. पावसाळ्यात त्या ढिगातून जे पाणी झिरपायचं, ते तांबडंलाल. बैल त्याला तोंड लावायचे नाहीत. हौसरावाच्या वहाणा त्यानं दोन महिन्यांत खाल्ल्या, म्हणून तो त्या पाण्याला आईमाईवरून शिव्या घालायचा. पोपटरावांनी तेच पाणी बाटलीत भरून पुण्याला नेलं, तपासलं आणि नाचायचे बाकी राहिले. हवे होते ते जंतू त्यात होते. मग इंजिनांच्या शेडमागचं एक पडकं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं, चार लाकडी पिंपं आणली, कुठल्याशा खाणीतून फेकून दिलेला दगड मागवला, तो कुटून पिंपांत भरला आणि वरून ते तांबडं पाणी ओतलं.

"नबीमामा, हे रोगाचे जंतू नव्हेत बरं का," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ह्यांचं खाणं म्हणजे हा दगड. ह्या दगडात तांबं आहे, पण इतकं थोडं, की भट्टी लावली तर सरपणाचाही खर्च निघायचा नाही. हे जंतू दगड खातात आणि आतलं तांबं पाण्यात सोडतात. फुकट!"

नबीलालनं यंत्राला डोळा लावला होता. बारीक कण्यांसारखं काहीतरी इकडून तिकडं धावत होतं. तो बराच वेळ बघत राहिला.

"निस्ता दगुड खात्यात?"

"निस्ता दगड. आणि वर वारा."

"कालवण न्हाई, काय न्हाई?"

"काही नाही."

"आल्ला!" नबीलाल म्हणाला. त्या क्षणापासून त्याचा जीव त्यांच्यावर जडला.

त्याला कारण होतं. नबीलाल मूळचा शिरूरचा, जातिवंत झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, बसण्याच्या पोत्याची झटकण, असलं सगळं विकत घ्यायचं आणि घोडनदीच्या पाण्यात परातीत धुवायचं. माती वाहून जाते, जड असतं ते तळाला राहतं. दिवसभर पाण्यात वाकावं, तेव्हा कुठं मोहरीएवढं सोनं दिसायचं. त्याच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. मग चोख सोन्याचे दागिने घडवायला बंदी करणारा तो कायदा आला, सोनारआळीतल्या भट्ट्या थंड पडल्या, आणि सोनारच हात बांधून बसले तर केर कुठून यायचा? परात खुंटीला टांगून नबीलाल बायकोला घेऊन दौंडला आला. चांदबी वाकळा शिवू लागली. तो स्टेशनाबाहेर कुणाचं काय ओझं मिळेल ते उचलू लागला. ओझ्याचं त्याला काही वाटायचं नाही. पण हात कोरडे राहतात, ह्याचं फार वाटायचं. पोपटरावांना शिरूरच्या एका सोनारानं त्याचं नाव सांगितलं, तेव्हा चांदबीनं पाचपीराला नारळ फोडला.

पिंपातलं पाणी निळसर झालं की त्यात लोखंडी पत्र्याचे तुकडे टाकायचे. पत्र्यावर तांबं धरायचं, तांबडा गाळ होऊन तळाशी बसायचं. तो गाळ परातीत धुऊन निवळ तांबं काढायचं काम नबीलालचं. हात पुन्हा ओले झाले होते. माणसाला आणखी काय लागतं?

पण गोदामाचं सगळंच टांगणीला लागलेलं होतं. पुण्याच्या मोठ्या साहेबांचा ह्या खटाटोपावर फारसा भरवसा नव्हता. एकदा येऊन बघतो म्हणाले होते. पिंपं पसंत पडली तर गोदाम पुढं चालणार, नाहीतर कुलूप. पोपटराव हे बोलून दाखवत नसत, पण अलीकडं त्यांनी नखं खायला सुरुवात केली होती. ते बघून नबीलाल पिंपं आणखी दोनदा ढवळायचा.

अशात रमजान ईद आली.

नमाज पढून, नवा सदरा घालून नबीलाल घरी आला तर चांदबीनं कडीचा डबा भरून तयार ठेवलेला. तांब्याभर दूध जास्तीचं आणून तिनं शिरखुर्मा केला होता.

"ह्यो पोपटराव सायबांचा वाटा. गरम हाय तवर पोचवा. आन् त्येस्नी म्हणावं, चारोळी कमी पडली, पर माया कमी न्हाई."

"आसं कोण बोलतं व्हय सायबांसंगं?"

"तुमी बोला. माजं नाव सांगा."

नबीलाल डबा घेऊन गोदामावर गेला, तर पोपटराव नव्हते. मोठ्या साहेबांचा निरोप आला म्हणून ते सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले होते. आली का पंचाईत! ईदेचा वाटा ज्या दारी न्यायचा त्या दारातून परत आणायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. चांदबीच्या सासूच्या वेळेपासूनची. डबा भरलेला परत नेला असता तर चांदबीनं तोंडानं काही म्हटलं नसतं, पण दिवसभर तिचा चेहरा उतरला असता. सणाच्या दिवशी ते नको.

तो कुलूप काढून आत गेला. चारी पिंपं गोणपाटं पांघरून बसली होती. महिनाभर तो उपाशीपोटी ही पिंपं ढवळत होता. त्याचे रोजे झाले, सुटले, आज तो पोटभर गोड जेवून आला. आणि ह्यांचं काय? रात्रंदिवस राबायचं आणि खायचं काय तर दगड.

"आरं, तुमचा रोजा सुटायचा तरी कवा?" तो मोठ्यानं म्हणाला.

दार तर पोपटरावांचंच होतं. आत राहणारे त्यांचेच. म्हणजे वाटा योग्य ठिकाणीच पडत होता. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं, पहिल्या पिंपावरचं गोणपाट सारलं आणि पेलाभर शिरखुर्मा आत सोडला. खारीक तळाशी जाऊ नये म्हणून हलकेच ढवळलं. मग दुसरं पिंप, मग तिसरं. चौथ्याकडं वळतो तोच दारातून आरोळी आली.

"नबीलाल! ईद मुबारक रं!"

हौसराव धावत येऊन गळ्यात पडला. कडकडून भेट झाली. आणि मग त्याची नजर डब्यावर गेली.

"वैनींनी धाडलं? आन् तू एकलाच खातोस व्हय, भुक्कड?"

आता ह्याला काय सांगणार? नबीलालनं डबा पुढं केला. हौसरावानं उकिडवं बसून उरलेला सगळा शिरखुर्मा संपवला, बोटानं डबा पुसला आणि बोट चाटलं.

"आरं, चौथ्याचा वाटा खाल्लास तू," नबीलाल म्हणाला.

"चौथा कोण?"

"जाऊ दे. तुला पचू दे."

पोपटराव आले ते सांगतच आले, की मोठे साहेब सोमवारी येणार. त्यांनी पिंपांवरून हात फिरवला, चांदबीचा निरोप ऐकून खूप हसले आणि हसता हसता नखं खाल्ली. साहेबांच्या काळजीत वाटा कुठं गेला, ते विचारायचंही त्यांच्याकडून राहिलं.

दोन-चार दिवसांत पहिल्या तीन पिंपांवर पांढरी साय धरली. आंबूस वास सुटला. निळं पाणी गढूळ होऊन बसलं आणि नवा टाकलेला पत्रा जसाच्या तसा काळा राहिला. पोपटरावांनी तिन्ही पिंपांतले थेंब आळीपाळीनं काचेखाली घातले. बघताना त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"नबीमामा, ह्यात काहीतरी पडलंय. दूध, साखर, असलं काहीतरी. बुरशी मातलीय. ह्यांना गोडाधोडाचं विष होतं हो. जन्मात कधी खाल्लेलं नसतं ना ह्यांनी."

नबीलालनं भिंतीला हात टेकला. गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. मांजर आलं असेल, घूस पडली असेल, शंभर कारणं निघतात. पण ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या सोन्यात हात घालून पोट भरलं, त्याला खोटं बोलायला जमत नाही. ते त्यांच्या धंद्यातच बसत नाही.

"म्या घातलं सायेब."

"काय?"

"तुमचा वाटा. शिरखुर्मा. ईदेचा." त्यानं पिंपांकडं हात केला. "तुमी नव्हता. म्हनलं, ह्येंचा बी रोजा सुटू दे."

पोपटराव उपड्या घमेल्यावर बसले. आधी त्यांना हसू फुटलं. ते इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसत नव्हते आणि पाणी मात्र येतच होतं. नबीलाल समोर उभा. त्याला वाटलं, ह्यांनी दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चौथ्यात?" पोपटरावांनी डोळे पुसून विचारलं.

"चौथ्याचं हौसरावानं खाल्लं."

पोपटराव उठले. चौथ्या पिंपातला थेंब घेतला, काचेखाली धरला आणि दीर्घ श्वास सोडला. "आहेत. सगळे आहेत. मजेत आहेत."

"मग ह्येच्यातनं त्या तिन्हींला इरजण लावूया की!"

"लावता येईल. पण पाणी निळं व्हायला महिने जातील मामा. साहेब सोमवारी येताहेत." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा, तुम्ही त्यांच्यासमोर काही बोलायचं नाही. मी बघतो."

त्या दिवशी नबीलाल घरी जेवला नाही. चांदबीला सगळं सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढं बसून रडली. "म्या डबा दिला. माज्याच हातानं दिला," एवढंच म्हणत राहिली. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "त्येंचा जीव लई तळमळला आसंल का वो?"

सोमवारी मोठे साहेब आले. किडकिडीत, स्वेटर घातलेले, कमी बोलणारे. एकेका पिंपात डोकावले, वास घेतला, नाक मुरडलं.

"डॉक्टर, तीन पिंपं मेलेली दिसतात."

"हो सर. चूक माझी. झाकणं नीट लावली नव्हती. मी पुण्याला आलो होतो त्या दिवशी—"

"न्हाई सायेब," मागून आवाज आला.

पोपटरावांनी मान वळवून डोळ्यांनी दटावलं. पण नबीलाल हात जोडून पुढं आलाच होता.

"झाकणं ठीक व्हती. म्याच उघडली. शिरखुर्मा घातला आत. पोपटराव सायबांचा काय बी कसूर न्हाई ह्येच्यात."

"शिरखुर्मा?" मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"सण व्हता सायेब."

साहेबांनी पोपटरावांकडं पाहिलं, मग पुन्हा ह्याच्याकडं. त्यांना बहुतेक रागवायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. कुंपणापाशी हौसराव श्वास रोखून उभा होता. अखेर साहेबांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, "चौथं दाखवा."

चौथ्याला त्यांनी वेळ दिला. पत्रा वर काढून नखानं खरवडला, तांबडा गाळ बोटावर घेतला, काचेतून पाहिलं. नबीलालनं धुऊन ठेवलेलं तांबं तळहातावर घेऊन उन्हात नेलं. मग निकाल दिला. जंतू चांगले आहेत, काम चांगलं आहे. पण हे असं उघड्यावर, गोदामात चालायचं नाही. चौथ्या पिंपातले जंतू पुण्याला न्या, प्रयोगशाळेत वाढवा. गोदाम ह्या महिनाअखेर बंद.

"आणि नबीमामा, सर? त्यांना तिथं कुठंतरी—"

"जागा नाही, डॉक्टर. तुम्हाला माहीत आहे."

पोपटरावांचा चेहरा पडला. नबीलालनं मात्र सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगायचं तर त्याला त्या घटकेला स्वतःचं काही आठवलंच नाही. चौथं बिऱ्हाड जगणार होतं, पोपटरावांचं काम चालणार होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

निघायच्या दिवशी स्टेशनात नवाच घोळ. पाणी काचेच्या मोठ्या बरणीत भरलं होतं, भोवती ओलं गोणपाट. पार्सलबाबूनं विचारलं, "काय माल आहे?" पोपटराव खरं बोलले, आम्लाचं पाणी आहे म्हणाले. झालं! बाबूनं हात झटकले. "आम्ल ब्रेकच्या डब्यात चढवत नसतो आम्ही. कपडे जाळील, डबा जाळील."

"सायेब, मी घिऊन बसतो की मांडीवर," नबीलाल म्हणाला.

आणि तसाच तो गेला. थर्ड क्लासात खिडकीशी, बरणी मांडीत, दोन्ही हात भोवती. बुचाला वाऱ्यापुरती फट ठेवलेली. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय पाव्हणं, तेल हाय का?" तर म्हणाला, "जित्राब हाय." शेतकऱ्यानं वाकून निळ्या पाण्यात पाहिलं, काही दिसलं नाही, आणि तो जरा सरकून बसला. केडगाव आलं, यवत गेलं. अधूनमधून नबीलाल बरणी हलकेच हेलकावायचा, आत वारा मिळावा म्हणून. समोर बसलेले पोपटराव त्याला खोकल्याच्या गोळ्या देत राहिले आणि तो त्या चघळत राहिला.

प्रयोगशाळेत सगळं पांढरंशुभ्र. चष्मा लावलेल्या एका तरुण बाईंनी बरणी हातात घेतली. पाणी काचेच्या उंच नळकांड्यात ओतलं, खाली एक रबरी नळी जोडली, भिंतीवरचं बटण दाबलं. नळकांड्यात तळापासून बुडबुडे वर येऊ लागले, न थांबता, सारखे.

"हे काय वो बाई?"

"हवा. पंपानं जाते. रात्रंदिवस चालू राहते."

"म्हंजी ढवळायला नको?"

"आता नाही लागणार."

"थंडीत?"

"खोली गरमच असते."

नबीलाल बघत राहिला. त्याचे हात मोकळे पडले होते, ते कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं रिकाम्या बरणीभोवतीचं ओलं गोणपाट सोडलं, पिळलं, त्याची नीट घडी घातली आणि ती काखेत मारली. पोपटराव त्याला पोचवायला दारापर्यंत आले. दारातून तो पुन्हा मागं फिरला आणि त्या बाईंच्या टेबलापाशी आला.

"बाई, एक ध्यानात ऱ्हाऊ द्या."

"काय?"

"ह्येस्नी काय खायला देऊ नका. लई वाटंल. ईद आसू द्या, दिवाळी आसू द्या, तुमच्या घरात काय चांगलं झालेलं आसू द्या. देऊ नका."

बाईंनी हसून मान डोलावली. मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांचं हसू थांबलं.

"नाही देणार," त्या म्हणाल्या.

नबीलालनं नळकांड्याच्या काचेला दोन बोटं लावली. काच कोमट होती. मग तो संध्याकाळची दौंडची गाडी गाठायला निघाला.